नावड्याची हळद कारंज्याला

माझ्या काउंटरसमोरच्या खुर्चीत कुणीही बसलं की मी आधी विचारते, "निघणार कुणाच्या दारातनं आणि उतरणार कुणाच्या दारात?" माणूस चपापतो. तो आलेला असतो मुंबई ते नागपूर विमानाने किती वेळ आणि गाडीने किती वेळ एवढंच विचारायला. मी त्याच्या घराची चौकशी करायला लागले की त्याला वाटतं, बाई भोचक आहे. तशी मी आहेच. पण ही चौकशी धंद्याची आहे.

विमान दीड तासात नागपूरला जातं, यात खोटं काही नाही. पण ते विमान जातं. तुम्ही आधी सोसायटीच्या लिफ्टची वाट बघता, मग टॅक्सीवाला चुकीच्या गेटवर उभा राहतो, मग बॅगा, मग तपासणी, मग बूट काढा, पट्टा काढा, मग नुसतं बसून राहा. उतरल्यावर पुन्हा बॅगेची वाट आणि पुढं गाव असेल तिथपर्यंतची गाडी. हे सगळं मिळवलं की जो आकडा येतो तो तुमचा प्रवास. मी तीस वर्षं लोकांना तोच आकडा सांगत आले आणि माझा आकडा फारसा चुकलेला नाही. हे मी फुशारकीनंच सांगतेय. तेवढा हक्क मी कमावलाय.

माझं नाव शालन. सासर-माहेर दोन्ही कोरेगाव तालुक्यातलं. मालक वाशीच्या मार्केटात माथाडी होते, त्यांच्यामागनं मी इकडं आले. मार्केटच्या गेटापाशी एक टेबल टाकून साताऱ्याच्या गाड्यांची तिकिटं फाडायला सुरुवात केली. जत्रा आली की आमच्याकडची निम्मी माणसं माझ्या टेबलाशी. पुढं पुण्याची, कोल्हापूरची, मग रेल्वेची, मग विमानाची तिकिटं आली आणि कोपरखैरण्याला पत्र्याच्या शेडमधनं मी गाळ्यात गेले. दोन गाड्या घेतल्या, भाड्यानं सोडायला. मला सगळे तिकीटताई म्हणतात. माझं खरं नाव बँकेला आणि मालकांनाच माहीत असावं.

बाहेरच्यांना वाटतं, तिकीट काढणं म्हणजे बटण दाबणं. अहो, बटण कुणीही दाबेल. गिऱ्हाइकाला कशानं जायचंय आणि कशानं जायला पाहिजे, यातला फरक ओळखणं हे काम आहे. उरणच्या बाजूचे एक शेठ होते. जमिनीवर गोदामं उभी राहिली आणि शेठच्या गळ्यात साखळी आली. ते एकदा पाच-सहा माणसं घेऊन आले आणि म्हणाले, "तिकीटताय, पुन्याला इमानाचं तिकीट काड. साखरपुड्याला चाललोय, व्याह्याला कलू दे." मी म्हटलं, "शेठ, तुम्ही विमानतळावर पोचून रांगेत उभे राहाल, तेवढ्यात तुमचा ड्रायव्हर लोणावळ्यात चहा पिऊन पुढं गेलेला असेल." त्यांना पटेना. शेवटी मी म्हटलं, "मग असं करा, घरच्या बायका गाडीनं पाठवा. त्या साखरपुडा उरकून घेतील, तुम्ही जेवायला या." सगळे हसले, शेठपण हसले, आणि गेले गाडीनंच. जाताना मात्र मला म्हणाले, "तू धंदा करतंस का धंदा बुडवतंस?"

आता तर विमानतळ आमच्याच उंबऱ्याशी आलाय. उलवे, पनवेल, तळोजा, सगळ्यांच्या डोक्यावरनं विमानं जायला लागलीत. ज्यांची भातशेती त्या धावपट्टीखाली गेली ती माणसं गच्चीत उभी राहून विमानं मोजतात. आणि गिऱ्हाइकाचा एक नवाच हट्ट सुरू झालाय. विमानतळ जवळ आला म्हणजे सगळी गावं जवळ आली, असं त्यांना वाटतं. पण विमान उतरणार ते त्याला उतरायचं तिथंच. तुमचं गाव तिथनं पुढं असो की मागं, त्याला काय त्याचं!

हे मागं असलेलं गाव मला यंदाच्या थंडीत भेटलं. त्याची गोष्ट सांगायची म्हणूनच मी हे लिहायला बसलेय.

तळोज्याजवळच्या नावड्याच्या कमळाबाई म्हात्रे माझ्या जुन्या गिऱ्हाईक. नवरा लवकर गेला, दोन पोरं एकटीनं वाढवली. थोरली प्रज्ञा लग्न होऊन पेणला, धाकटा निखिल खारघरला नोकरीला. त्याचं ऑफिसातल्याच स्नेहलशी जमलं. स्नेहल विदर्भातली, वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्याची. एके दिवशी ही पोरगी एकटीच माझ्या ऑफिसात आली. खुर्चीत बसली आणि बराच वेळ पेपरवेटशी खेळत राहिली.

"बोल की बाई," मी म्हटलं. "पळून जायचं तिकीट मी काढत नसते हां."

हसली. मग म्हणाली, "काकू, लग्न ठरलंय, व्यवस्थित ठरलंय. कारंज्यालाच आहे. माझ्या बाबांना डायलिसिस चालू आहे. एक दिवसाआड अमरावतीला जावं लागतं. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांची पाळी येते. आम्ही पाळी पुढं ढकलायचं विचारलं, पण अलीकडंच एकदा ढकलली होती तेव्हा त्यांना फार त्रास झाला. डॉक्टर आता नाही म्हणतात."

"मग? लग्नाला तर हजर असतील ना?"

"लग्नात बसतील खुर्चीवर. पण हळद आदल्या दिवशी आहे. आणि मशीनवरनं आले की ते दुसऱ्या दिवशीपर्यंत उठत नाहीत. त्यांना एकच करायचंय, मला हळद लावायचीय. दुपारी एकला ते अमरावतीला निघणार. त्याच्या आत."

"लावू देत की सकाळी. कोण अडवतंय?"

"आमच्याकडं नवरदेवाची उष्टी हळद आल्याशिवाय मुलीच्या अंगाला कुणी बोट लावत नाही. मोठी आत्या आहे, ती या बाबतीत ऐकतच नाही. आणि बाबा तिच्याही पुढचे. ते म्हणतात, लावीन तर रीतीची लावीन."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. हळद आधी नवऱ्या मुलाला लावतात. त्याच्या अंगाला लागून उरलेली, ती उष्टी. ती मुलीच्या घरी न्यायची आणि तिला लावायची. एका गावात लग्न असलं तर पोरी खिदळत पाच मिनिटात घेऊन जातात. इथं मध्ये अख्खा महाराष्ट्र आडवा पडलेला.

"मग निखिलची हळद कारंज्यातच लावा," मी म्हटलं. बोलताना मलाच कळलं की मी येड्यासारखं बोलतेय. आगरी माणसाची हळद दुसऱ्या गावात? लग्न कुठंही लावतील, पण हळद दारच्या मांडवात, देवापुढं आणि गावादेखत. नावड्यात तर लग्नाला नाही गेलं तर चालतं, हळदीला नाही गेलं तर भांडण होतं. आणि हळद लागलेला नवरा लग्नाला निघेपर्यंत वेशीबाहेर पाऊल टाकत नाही. म्हणजे नवरा हलणार नाही, नवरी हलणार नाही, बापाची पाळी हलणार नाही. हलायचं ते फक्त हळदीनं.

स्नेहल उठली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. "काकू, तुम्ही सांगाल तसं करू. फक्त बाबांचं राहू देऊ नका."

मी म्हटलं, "नाही राहणार." एकदा शब्द गेला तोंडातनं की मग मला झोप लागत नाही.

दोन दिवसांनी कमळाबाई आणि घरातले पाव्हणे मिळून नावड्यात बैठक बसली. मीही होते. निखिलची हळद संध्याकाळी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती निघणार, इतपत सगळ्यांना मान्य होतं. कशानं न्यायची यावर मात्र जुंपली. पाव्हण्यांचं म्हणणं, विमान. "विमानतल आपल्या दारान. दीड तासान नागपूर! म्हात्र्यांची हलद काय गाडीच्या डिकीन जाईल?"

मी कागद-पेन्सिल न घेता सगळ्यांसमोर हिशेब मांडला. "बघा. विमानाआधी दीड-दोन तास घरातनं निघा. मग विमान. मग उतरून बाहेर या. आता कारंजं कुठं आहे? नागपूरच्या पुढं नाही, मागं आहे. विमान त्याच्या डोक्यावरनं पुढं जाणार आणि तुम्ही पुन्हा गाडी करून अडीच-तीन तास मागं येणार. सगळं धरून सात तास. आणि सरळ नावड्यातनं गाडी काढली, भिवंडीजवळ आमण्याला समृद्धी महामार्गाला लागली, तर आठ तास, तेही चहापाण्यासकट. फरक एका तासाचा. आणि त्या एका तासासाठी धुकं, उशीर, सगळी दुसऱ्याची मर्जी. विमानाला उशीर झाला तर तुम्ही काय करणार? नुसते बसणार. गाडीला उशीर झाला तर निदान मी काहीतरी करू शकते."

"एक तास म्हनजे एक तास," कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात कोपऱ्यातनं हिराबाय बोलल्या. हिराबाय म्हणजे त्या घरची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात विधी सांगणारी आणि धवले म्हणजे लग्नाची गाणी गाणारी बाई, तिला धवलारीण म्हणतात. तिच्या शब्दापुढं मांडवात कुणाचं चालत नाही. सत्तरीच्या पुढच्या, बारीक, कपाळावर आठ्या आणि आवाज असा की लाउडस्पीकर लाजावा.

"ती मशीन असते ना, सामान आत जाते नि बाहेर येते, तिच्यान हलद ठेवाया लागंल का?" त्यांनी मला विचारलं.

"लागेल की. पट्ट्यावर ठेवायची, सगळ्यांच्या बॅगांमध्ये. ओली, तेलातली, म्हणून उघडूनही बघतील."

"सगल्यांच्या चपलाबी त्याच्यावं?"

"बूट असतात कधीकधी."

"मंग सपलं. हलद हातान जाईल, हातानंच उतरंल. मधी खाली ठेवायची नाय." आणि माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "तू म्हनतंस ना गारी बरी? मंग तूच बस माझे बाजूला. बगू तुझा आठ तास."

अशी मी त्या गाडीत बसले. तीस वर्षं लोकांना प्रवासाला पाठवलं, पण दिलेल्या वेळेची परीक्षा द्यायला स्वतःला बसवणारी हीच बाई भेटली.

हळद दणक्यात झाली. अख्खं नावडं नाचत होतं. निखिलच्या चेहऱ्यावर डोळे तेवढे ओळखू येत होते, बाकी सगळं पिवळं. हळद ओघळून डोळ्यात जायची आणि हिराबाय आपल्या लुगड्याच्या पदरानं त्याचं कपाळ, डोळे, गाल टिपायच्या. उरलेली हळद डब्यात काढून रात्रभर देवापुढं ठेवली. मी चार वाजताचं निघणं ठरवलं होतं आणि मनाशी पाच धरलं होतं, कारण मांडव ते गाडी हे नव्या मुंबईतलं सगळ्यात लांबचं अंतर आहे हे मला ठाऊक होतं. पण तिथं माझा हिशेब कमी पडला. हळदीला निरोप द्यायला गल्लीतली प्रत्येक बाई उठून आली. कुणाला पाया पडायचं, कुणाला नारळ द्यायचा, कुणाला हिराबायना शाल पाहिजे का विचारायचं. गाडी हलली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. माझ्या आठ तासांतला तासभर आता रस्त्यातच वाचवायला हवा होता. मी पुढं ड्रायव्हर बबनशेजारी, मागं करवली म्हणून प्रज्ञा, आणि तिच्याशेजारी मांडीवर चांदीचा नवा कोरा डबा घेऊन हिराबाय.

शिळफाटा, भिवंडी मागं टाकून समृद्धीला लागलो आणि बबननं जो वेग धरला, त्यावरनं सुई हलू दिली नाही. मोठ्या बोगद्यातनं बाहेर पडलो तेव्हा ऊन आलं होतं. सिन्नर गेलं, शिर्डीचा फाटा गेला, संभाजीनगर गेलं. हिराबाय खिडकीतनं बघत म्हणाल्या, "या रस्त्यान मानसा कुठं हान गो? सगला मोकला." खरंच त्या रस्त्यावर चहासुद्धा शोधायला लागतो. जालन्याच्या पुढं एका पेट्रोलपंपाशेजारी चहाची टपरी दिसली, तिथं थांबलो. दहा वाजले होते. मी मनात मोजलं, अजून दोन-सव्वादोन तास. वेळ होता. मला तर मिरवावंसं वाटायला लागलं.

हिराबाय डबा घेऊनच उतरल्या. बाकड्यावर बसून म्हणाल्या, "वारा लागू दे जरा हलदीला, रातसून कोंडलीय." झाकण उघडलं. वास घेतला. कपाळावरच्या आठ्या वाढल्या. बोटानं जराशी घेऊन अंगठ्यावर घासली, पुन्हा वास घेतला.

"प्रज्ञे, ही हलद कंची?"

"आजी, निखिलचीच."

"ही हलद पोऱ्याच्या अंगाला लागलेली नाय."

प्रज्ञाचा चहाचा कप हातातच राहिला. मी म्हटलं, "आजी, असं काय करता? देवापुढनंच उचललीय."

"मना सांगतंस? जनमभर हलद चोलली मी. अंगाला लागलेल्या हलदीला घामाचा, तेलाचा वास येतो. ही तर दुकानाची."

प्रज्ञा रडायला लागली. मग सगळं बाहेर आलं. पहाटे तिनं देवापुढचा डबा उघडून बघितला होता. आत मांडवातली हळद, तिच्यात झेंडूच्या पाकळ्या, दोनचार केस, तांदूळ, मातीचे कण. तिला लाज वाटली. "म्हटलं, मोठी माणसं आहेत, पहिल्यांदाच आपल्याकडनं काहीतरी जातंय. असलं घाण कसं पाठवायचं? म्हणून मी नवीन हळद कालवली, नवा डबा काढला. ती जुनी तुळशीत टाकली." हुंदके देत म्हणाली, "मी चांगल्यासाठीच केलं हो!"

बाई ग! व्याह्यांपुढं आपलं घर नीटनेटकं दिसावं म्हणून पोरीनं उष्टी हळद धुवून-पुसून ताजी केली होती. उष्टं पाठवायचं तेच तिनं शिष्टाचार म्हणून काढून टाकलं. रागवायला तोंड उघडलं आणि मला तिची दयाच आली. आपल्या बायका पाव्हण्यांकडं कधी उष्टं-खरकटं पाठवतात का? हात तसा धजतच नाही.

मग फोन सुरू झाले. कमळाबाई तिकडनं ओरडायला लागल्या, परत फिरा. पाव्हण्यांपैकी एकजण फोन ओढून घेऊन म्हणाला, "निकिलला परत हलद लावतो नि विमानान पाठवतो! दीड तास!"

आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. ड्रायव्हर, प्रज्ञा, फोनवरचं अख्खं नावडं. टपरीवाल्यानंसुद्धा गॅस बारीक केला. माझा धंदाच तो. मी मोठ्यानं हिशेब केला. आता हळद लावायची, विमानाचं मिळेल ते तिकीट घ्यायचं, नागपूर, तिथनं मागं कारंजं. काही केलं तरी संध्याकाळ. परत फिरलो तर रात्र. दुसरी गाडी काढली तरी संध्याकाळच. विमान संपलं होतं आणि रस्ताही संपला होता. मी तसं सांगितलं. त्या पोरीला मी "नाही राहणार" म्हटलं होतं आणि तिचा बाप दोन तासांवर मांडवात बसून वाट बघत होता.

"ताई, अशीच नेऊ या ना," प्रज्ञा हळूच म्हणाली. "कुणाला कळणार आहे?"

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही ते बरं वाटलं. पण हिराबायनी डबा झाकला.

"मना कललं ना. पुरे झालं तेवरं," त्या म्हणाल्या. "त्या बापानं रीतीची हलद मागलीय. मरनाच्या दारान बसलेल्या मानसाला फशिवनार?"

मोठमोठे ट्रक रस्त्यानं जात होते. हिराबाय बाकड्यावर बसल्या होत्या, डबा मांडीवर. ऊन चढलं म्हणून त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि ओढता ओढता थांबल्या. पदर पुढं घेतला, डोळ्यांशी नेला. पदराचं टोक कडक झालं होतं, वाळलेल्या हळदीनं. लग्न लागेपर्यंत धवलारीण हळदीचं लुगडं बदलत नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत.

"गो शालन," त्या पहिल्यांदाच मला नावानं हाक मारत म्हणाल्या, "पोऱ्याचं कपाल मी कशान पुसलं होतं?"

"पदरानं!" मी अशी ओरडले की टपरीवाला दचकला.

"मंग? त्याच्या अंगाची हलद घेऊनच बसलेय की मी! धूल बसली माझे डोक्यान!"

पुढं जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी प्रज्ञाकडनं खोबरेलाची बाटली घेतली. पदराच्या टोकावर तेल सोडलं आणि दोन्ही हातांनी चोळायला लागल्या. वाळलेली हळद भिजली, सुटली. प्रज्ञानं डबा धरला आणि त्यांनी पदर पिळला. ताज्या हळदीत ती गडद, जुनी हळद थेंबाथेंबानं पडली. एक झेंडूची पाकळीही पडली. प्रज्ञा ती काढायला गेली तर हिराबायनी तिच्या हातावर चापट मारली. मग डबा बोटानं कालवता कालवता त्यांनी गाणं सुरू केलं. भर रस्त्यात, पेट्रोलच्या वासात, त्या बाईचा धवला असा उठला की डिझेल भरणारी माणसंही वळून बघायला लागली. विधी म्हणजे विधी, तो अर्धा करायचा नाही. गाणं संपेपर्यंत मी घड्याळ बघितलं नाही. बघितलं तेव्हा अकरा वाजले होते.

"बबन," मी म्हटलं, "कारंजं एकच्या आत."

"बसा तुम्ही," तो म्हणाला.

मेहकर कधी गेलं कळलं नाही. कारंज्याच्या फाट्याला उतरलो आणि गावात शिरताना समोर बैलगाडी, तिच्यापुढं ट्रॅक्टर, त्याच्यापुढं शाळा सुटलेली पोरं. माझं लक्ष घड्याळात. स्नेहलचा फोन आला, "काकू, बाबा गाडीत बसलेत." मी म्हटलं, "उतरव त्यांना. आम्ही गल्लीत आहोत." खरं तर आम्ही वेशीत होतो. एवढं खोटं धंद्यात चालतं.

मांडवाच्या दाराशी अमरावतीची गाडी उभी होती. तिच्या उघड्या दारात पाय बाहेर सोडून एक उंच, वाळलेला माणूस बसला होता. अंगात नवा सदरा, डोक्यावर टोपी. ते स्नेहलचे वडील, दादाराव. हिराबाय डबा दोन्ही हातांवर घेऊन उतरल्या आणि सरळ त्यांच्यापुढं गेल्या.

"आल्या ना बाप्पा!" दादाराव म्हणाले. उठायला गेले, कुणीतरी हात दिला.

मोठी आत्या पुढं आली, डब्यात डोकावली. "नवरदेवाचीच व्हय ना जी?"

हिराबायनी काहीच लपवलं नाही. पोरीनं कशी हळद बदलली, कुठं थांबलो, पदर कसा पिळला, सगळं सांगितलं. निम्मं त्या लोकांना कळलं असेल नसेल, पण पदर दाखवला तो सगळ्यांना कळला. आत्यानं तो ओला, पिवळा पदर हातात घेतला, प्रज्ञाकडं बघितलं. पोरगी मान खाली घालून उभी होती.

"अवं, रडतं काऊन?" आत्या म्हणाली. "आमच्या अब्रूसाठीच केलंस ना मायबाई!" आणि तिला जवळ घेतलं.

स्नेहलला पाटावर बसवलं. दादारावांना खुर्ची दिली, पण ते खुर्चीत बसले नाहीत, लेकीसमोर खाली बसले. डाव्या हाताला मशीनच्या सुयांसाठी केलेली फुगीर जागा, तो हात त्यांनी छातीशी धरला होता. उजव्या हाताची दोन बोटं डब्यात बुडवली. स्नेहलच्या एका गालाला लावली, मग दुसऱ्या गालाला, मग कपाळाला. लेकीनं त्यांचा हात गालावर दाबून धरला. हिराबाय गात होत्या. वऱ्हाडच्या बायकांना ते शब्द कळत नव्हते, तरी त्या माना हलवत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. मी तर मेली ढसाढसा रडले. तिकीटताई रडली हे नावड्यात अजून सांगतात.

एक वाजायला थोडाच अवकाश होता. दादाराव उठले, गाडीत बसले. कुणीतरी पाण्याचा तांब्या आणला, हात धुवा म्हणालं. त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लग्नात त्यांना खुर्चीवर बसलेलं बघितलं, तेव्हा त्यांच्यासोबत अमरावतीला गेलेल्या स्नेहलच्या भावानं मला सांगितलं. अमरावतीला मशीनला लावायच्या आधी नर्स म्हणाली, काका, हात स्वच्छ धुवून या. दादारावांनी डावा हात तिच्यापुढं केला आणि उजवा सदऱ्याच्या आत, छातीवर ठेवला. चार तास मशीन चालू होतं. त्यांना झोप लागली तरी तो हात त्यांनी बाहेर काढला नाही.